तळ्याला काठ हवा, कठडा नको

गेल्या दिवाळीनंतर आपल्या मंडळाच्या काही सभासदांनी एक निवेदन तयार केले आणि ते सह्यांसाठी घरोघरी फिरू लागले. आपल्या परिसरातील एका तळ्याभोवती सिमेंटच्या ठोकळ्यांचा पदपथ व्हावा, काठाने लोखंडी कठडा बसवावा, ठरावीक अंतरावर बाके आणि दिवे असावेत, तळे बाराही महिने भरलेले राहील अशी व्यवस्था व्हावी आणि शक्य झाल्यास दोनचार नावाही ठेवाव्यात, अशा मागण्या त्यात आहेत. मसुदा उत्तम मराठीत आहे. अर्जदारांनी स्वतःचा उल्लेख ‘निसर्गप्रेमी ज्येष्ठ नागरिक’ असा केला आहे आणि तो खोटा नाही; त्यांतील बहुतेकांना मी चाळीस वर्षे ओळखतो. तळ्याचे नाव येथे मुद्दाम देत नाही. नाव घेतले की चर्चा तळ्यावरून माणसांवर घसरते, असा माझा अनुभव आहे.

मी सही केली नाही. त्याबद्दल दोनतीन घरी विचारणा झाली. एका स्नेह्यांनी तर, “नोकरीत असताना तुम्ही कोणाचा कागद अडवला नाहीत, निवृत्तीनंतर ही खोड कुठून लागली?” असे हसत हसत विचारले. प्रश्नाचे उत्तर तितके हसत देण्यासारखे नव्हते, म्हणून हे लिहीत आहे.

तळ्याकाठी फिरणे हा विरंगुळा आता आमच्या वयाच्या मंडळींना परवडणाऱ्या मोजक्या विरंगुळ्यांपैकी एक आहे, हे मी प्रथमच मान्य करतो. दूधसागर चढून जाण्याचे किंवा सत्तरीच्या रानात दिवसभर भटकण्याचे दिवस गेले. सपाट वाट, डोक्यावर थोडी सावली, दम लागला तर थांबायला जागा आणि थांबल्यावर पाहण्यासारखे काहीतरी, एवढे असले की पुरे. गोमंतकात असे चालणे किती सुलभ आहे याची कल्पना बाहेरगावच्या वाचकांना नसेल. कोकण रेल्वेने करमळी स्थानकावर उतरावे. तळे जवळच आहे. हे गाव म्हणजे तेच, जेथील ब्रह्मदेवाची मूर्ती सोळाव्या शतकात भक्तांनी नदी ओलांडून सत्तरीत नेली आणि जेथे ती नेली तेही गाव पुढे ब्रह्मकरमळी झाले. देव गेला, तळे राहिले. सुमारे सत्तर हेक्टरांचे हे तळे ईश्वरनिर्मित नाही. पावसाचे पाणी अडवून भातशेतीसाठी वापरावे म्हणून माणसांनी ते बांधले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सकाळी सातच्या सुमारास तेथे पोहोचावे, सूर्य पाठीशी राहील अशी बाजू धरावी आणि सावकाश चालू लागावे. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी अडत नाही. जांभळी पाणकोंबडी आपल्या लालभडक पायांनी पाणगवतावरून अशी चालत असते की चष्मा विसरलेल्यालाही ती दिसावी. कमळाच्या पानांवरून कमळपक्षी, उथळ पाण्यात शेकाट्या, शेवाळाच्या कडेला अडईचे थवे, वर ब्राह्मणी घार. थोडे नशीब असेल तर उत्तरेकडून हजारो मैल उडत आलेली तलवार बदके आणि भुवई बदके. एवढ्यासाठी ना चढ चढावा लागतो, ना झाडी तोडत जावे लागते.

आता ही वाट कशाची आहे, याकडे कोणी पाहत नाही. मीही कित्येक वर्षे पाहिले नव्हते. तिसवाडीतील अशाच एका शेतातून एकदा चालत असताना समोरून आलेल्या वृद्ध शेतकऱ्याला वाट देण्यासाठी मी बाजूच्या उतारावर पाय टाकला, तेव्हा तो थबकला आणि म्हणाला, “बाब, थंय पांय दवरूं नाकात. ही वाट न्हय, हो बांद.” त्याने तसे म्हणायचे कारण नंतर त्यानेच दाखवले. बांधाची कड पायाने ढासळली की पावसात तेथूनच पाणी धरते. बोटभर चर पडतो, चराची घळ होते आणि एखाद्या अमावास्येच्या भरतीला बांध फुटतो. ज्याला आपण ‘नैसर्गिक पायवाट’ म्हणून छायाचित्रात टिपतो, ती चिखल, जांभा दगड आणि गवत-पेंढा यांनी शेकडो वर्षे दरसाल दुरुस्त होत आलेली एक यंत्रणा आहे.

या यंत्रणेचा दुसरा अवयव म्हणजे मानस. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: मानस म्हणजे बांधातील पाणदार. खाजनातील मानशीला लाकडी झडपा असतात. भरतीचे पाणी बाहेरून रेटू लागले की त्या आपोआप मिटतात आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने त्या उघडतात आणि शेतातील जादा पाणी खाडीत जाते. वीज नाही, चालक नाही, अभियंता नाही. गोव्यात अशी खाजन जमीन सुमारे अठरा हजार हेक्टर असल्याचे सांगितले जाते. माझ्या आयुष्यात मी पाण्याची जी अनेक बांधकामे कागदावर आणि जागेवर पाहिली, त्यांत इतक्या कमी खर्चाची आणि इतकी दीर्घायुषी दुसरी पाहिली नाही. १५२६ साली अफोंस मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने तिसवाडीतील गावकरींचे रूढ नियम लिहून घेतले, तेव्हा ही व्यवस्था जुनीच होती. बांध कोणी बांधायचा, डागडुजी कोणी करायची, पाणी केव्हा सोडायचे, मानशीवरच्या मासळीचा लिलाव कसा करायचा, हे सारे गावकरीच ठरवत असे.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे, कारण निवेदनवाल्यांनी ज्याला ‘दुरवस्था’ म्हटले आहे तिचे मूळ तेथे आहे, पदपथाच्या अभावात नाही. १९६४ च्या कूळकायद्याने कसणाऱ्याला संरक्षण मिळाले, हे योग्यच झाले. माझ्यासारख्या भाटकाराच्या घरात जन्मलेल्या माणसाने हे म्हणण्यास हरकत नसावी. परंतु जमिनीचा हक्क ज्याच्याकडे गेला त्याच्याकडे बांधाची जबाबदारी मात्र पुरती गेली नाही. गावकरीने हात काढले, कुळांच्या संघटना कागदावर झाल्या, काही ठिकाणी त्यांनी उत्तम काम केले, अनेक ठिकाणी त्या केवळ मानशीच्या लिलावापुरत्या उरल्या. भातापेक्षा मासळीला भाव अधिक. लिलाव घेणाऱ्याला खारे पाणी आत आलेले हवे असते, शेतकऱ्याला ते नको असते. झडप रात्री कोणी उचलून ठेवली, याचा पुरावा सकाळी मिळत नाही. दोन-तीन वर्षे शेतात खारे पाणी शिरले की शेतकरी नाद सोडतो, शेत पडीक पडते, तेथे कांदळ उगवतो. कांदळवनाला कायद्याचे संरक्षण आहे आणि असावेही. पण ज्याचे भातशेत होते त्याला ते परत मिळण्याची वाट त्यामुळे बंद होते. अशा जागी पर्यटकाला हिरवेगार रान दिसते. जाणत्याला फुटलेला बांध दिसतो.

मी कांदळवनाविरुद्ध आहे असा कोणी अर्थ काढू नये. मांडवीतील चोडण बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. १९८८ साली ते घोषित झाले, क्षेत्रफळ अवघे १.७८ चौरस किलोमीटर. रायबंदरहून फेरीबोटीने दहा मिनिटांत पलीकडे जाता येते. आतली पायवाट फरसबंद आणि सपाट आहे, दोन्ही बाजूंना कांदळाची झाडे, चिखलातून वर आलेली श्वासमुळे, त्यांच्यामधून सरपटणारी आणि उड्या मारणारी निवटी, एकच नांगी मोठी असलेले चिमुकले लाल खेकडे, आणि कान देऊन थांबल्यास खंड्याची किलकारी. ओहोटी धरून जावे. भरतीला चिखल झाकला जातो आणि पाहण्यासारखे निम्मे नाहीसे होते. गुडघे दुखणाऱ्या माणसालाही ही वाट झेपते. तेथे फरसबंदी योग्य आहे, कारण चिखलात पावले टाकू न देणे हाच तिचा हेतू. अरुंद वाटेने माणसे एका रेषेत राहतात आणि बाकीची जागा प्राण्यांना मोकळी राहते. तेव्हा पक्की वाट म्हटली की ती वाईटच, असे माझे म्हणणे नाही. ती कोठून जाते आणि पाण्याचे काय करते, एवढाच प्रश्न आहे. तळ्याला चहूबाजूंनी वेढणारा पदपथ आणि त्याला आधार देणारी उभी भिंत, हे पाण्याच्या बाबतीत काय करतात ते मला ठाऊक आहे. कारण तशी एक भिंत माझ्या टिपणीवर उभी आहे.

नोकरीत असताना एका किनारी तालुक्यातील तळ्याच्या ‘सुशोभीकरणा’चा प्रस्ताव माझ्याकडे आला होता. काठ ढासळतो, गुरे चिखल करतात, पाण्याला वास येतो, अशा तक्रारी होत्या. मी जागा पाहिली, ती मे महिन्यात. तळे निम्मे आटलेले, मध्ये चिखल, चिखलात बगळे. मला ते दृश्य दुर्दशेचेच वाटले. मी अनुकूल टिपणी लिहिली, पुढच्या टेबलांवर तिला कोणी हरकत घेतली नाही, आणि दोन वर्षांत तळ्याभोवती पाच फूट उंचीची दगडी भिंत, तिच्यावर पदपथ, त्यावर कठडा असे सगळे रीतसर झाले. उद्घाटनाला मी हजर होतो. फुले लावलेल्या कुंड्यांची मांडणी चांगली होती. त्यानंतर चार हिवाळे मी तेथे अधूनमधून जात राहिलो. पाणी स्वच्छ दिसे, भिंत भक्कम होती. शेकाट्या आला नाही. कमळपक्षी आला नाही. तुतवार नावाचा चिमुकला पाहुणा, जो काठाच्या ओल्या चिखलात शेपटी हलवत धावतो, तो तर येणेच शक्य नव्हते, कारण त्याला धावायला काठच उरला नव्हता.

हे कसे घडते ते समजायला पक्षितज्ज्ञ व्हावे लागत नाही. पाणथळीतील जीवन तळ्याच्या मध्यावर कमी आणि कडेला अधिक असते. जेथे पाणी घोट्याएवढे किंवा वीतभर असते, तेथेच गवत मुळे धरते, गोगलगायी आणि किडे होतात, बेडूक अंडी घालतात, माशांची पिले लपतात. तलवार बदक किंवा भुवई बदक खोल बुडी मारणारे नव्हे. शेपूट वर करून मान पाण्यात घालायची आणि तळाचे दाणे-मुळे वेचायची, हा त्यांचा रिवाज, आणि मान पोहोचेल एवढेच पाणी त्यांच्या उपयोगाचे. लांब पायांचे पक्षी पायाच्या लांबीप्रमाणे आपापली खोली वाटून घेतात. उतरता काठ म्हणजे ही सगळी वाटणी. त्या जागी उभी भिंत आली की पाणी एकदम पुरुषभर खोल होते आणि वाटणीचा प्रश्नच मिटतो. पाण्यात पडलेल्या बेडकालाही वर चढायला जागा राहत नाही.

आणि निवेदनातील ती दुसरी मागणी, तळे बाराही महिने भरलेले ठेवण्याची! वरवर पाहता तिच्यासारखी निरुपद्रवी मागणी नाही. पाण्याने भरलेले तळे सुंदर दिसते, रिकामे तळे भकास दिसते. वस्तुतः करमळीसारखी तळी इतकी वर्षे टिकली ती दरसाल आटत आली म्हणून. पावसाळ्यात ती भरतात, हिवाळ्यापासून त्यांचे पाणी खालच्या वायंगण भाताला सोडले जाते, पाण्याची पातळी हळूहळू उतरते आणि प्रत्येक आठवड्याला काठाचा एक नवा पट्टा उघडा पडतो. स्थलांतरित पक्ष्यांचा मुक्काम नेमका याच काळात असतो. शेतकऱ्याने पाणी सोडावे आणि पाहुण्यांचे पान वाढले जावे, असा हा योग आहे. उन्हाळ्यात तळाचा चिखल उघडा पडून तापतो, त्याला वारा लागतो, साठलेला पालापाचोळा कुजून खत होतो, पाणवनस्पतींची बेसुमार वाढ सुकून मरते. मासे पकडले जातात. पावसात पुन्हा नवे पाणी. ज्या तळ्यातील पाणी कधी हलत नाही त्यात जलपर्णी माजते आणि मग तीच मंडळी ती काढण्यासाठी दुसरे निवेदन घेऊन फिरतात. करमळीच्या तळ्यात रानभातही वाढतो. आपल्या घरांतील वृद्ध स्त्रियांना हा देवभात म्हणून ठाऊक असेल. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे अन्न वर्ज्य, म्हणून न पेरता पाण्यात उगवणारा हा तांदूळ शोधून आणत. त्या देवभातालाही भरती-उतरतीचे हेच वेळापत्रक लागते. तळे सतत काठोकाठ राहिले तर तोही जाईल, आणि मग ऋषिपंचमीला कोणत्या दुकानातून काय आणायचे ते ज्याचे त्याने ठरवावे.

दिव्यांविषयी फार लिहीत नाही. रातबगळ्याच्या नावातच त्याचे कामकाजाचे तास आले आहेत. रात्री आठनंतर आपणांपैकी किती जण तळ्याभोवती फेऱ्या मारणार आहोत?

येथे कोणी विचारील की, सरकारने पाणथळींसाठी कायदे केले आहेत, अधिकारी नेमले आहेत. मग ही चिंता कशाला? नोकरीत असताना मला कायद्याच्या व्याख्या वाचण्याची सवय लागली, ती सुटलेली नाही. पाणथळ जागांविषयीचे २०१७ चे केंद्रीय नियम वाचकांनी अवश्य पाहावेत. त्यांतील ‘पाणथळ’ या शब्दाच्या व्याख्येतून भातशेते वगळली आहेत, आणि पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यपालनासाठी, मिठासाठी किंवा करमणुकीसाठी खास बांधलेले जलाशयही वगळले आहेत. म्हणजे माणसाने ज्या पाण्यावर हात फिरवला ते पाणथळ नव्हे! १९७१ च्या रामसर करारात कृत्रिम पाणथळींनाही जागा आहे, आणि भारत १९८२ पासून त्या कराराचा सदस्य आहे. या विसंगतीचा फटका आपल्याच प्रदेशांना सर्वाधिक बसतो, कारण आपल्याकडील उत्तमोत्तम पाणथळी माणसांनी शेतीसाठी किंवा पिण्यासाठी केलेल्या आहेत. बडोद्याच्या वाचकांना डभोईजवळचे वढवाणा ठाऊक असेल. बडोदे संस्थानाने १९१० साली सिंचनासाठी बांधलेला हा तलाव २०२१ मध्ये रामसर यादीत गेला. इंदूरचे सिरपूर होळकरांच्या राजवटीतले, यशवंतसागर शहराला पाणी मिळावे म्हणून १९३० च्या दशकात झालेला. दोन्ही २०२२ मध्ये यादीत आले. त्याच वर्षी कुडचड्याचे नंदा तळे, बेचाळीस हेक्टरांचे, गोव्याचे पहिले रामसर स्थळ झाले. त्याचेही पाणी अडवून खालच्या भातशेतीला देतात. ज्यांचे नाव यादीत लागले ते सुटले. ज्यांचे लागलेले नाही अशा शेकडो तळ्यांना व्याख्येच्या दारातच अडवले जाईल आणि सुशोभीकरणाला मात्र दार मोकळे, कारण त्यासाठी कोणतीच व्याख्या लागत नाही.

विरुद्ध बाजूने एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. शेतकरी म्हणजे कोणी ऋषी नव्हे, तोही कीटकनाशके फवारतो, जमीन पडीक टाकतो, चांगला भाव आला तर विकतोही. मग बांध त्याच्या भरवशावर कसे सोडायचे? हे सारे खरे आहे. फवारणीनंतर पाण्यावर तरंगणारे मासे मी पाहिले आहेत. परंतु यातून निष्कर्ष काय काढायचा? शेती परवडत नाही म्हणून शेतकरी बांध सोडतो. ती परवडावी यासाठी आपण एकही निवेदन आजवर लिहिलेले नाही. वायंगणाच्या भाताला दोन पैसे अधिक मिळावेत, मानशीच्या झडपा वेळेवर बदलल्या जाव्यात, लिलावाच्या अटींत पाण्याची पातळी लिहिली जावी आणि ती पाळली जाते की नाही हे कोणीतरी पाहावे, अशी मागणी घेऊन निसर्गप्रेमी ज्येष्ठ नागरिक कधी कोणाच्या दारी गेल्याचे मला स्मरत नाही. एका किलोमीटर पदपथाला जो खर्च येतो त्यात किती मानशींची लाकडे बदलतील, याचा हिशेब मांडायला कोणत्याही कनिष्ठ अभियंत्याला अर्धा तास पुरेल. पण मानशीचे उद्घाटन करायला कोणी येत नाही. ती पाण्याखाली असते.

फोंडा महालातील दुर्भाट परिसरात पौषी अमावास्येला ‘मांगेथापणी’ करतात. मांगे म्हणजे मगर. खाजनाच्या ओल्या मातीची मगर थापायची, तिला शिंपल्यांचे खवले करायचे आणि तिची पूजा करायची. कुंभारजुव्याच्या खाडीत आजही मगरी आहेत आणि आपल्यापैकी अनेकांनी होडीत बसून त्यांची छायाचित्रे काढली आहेत. बांधाची राखणदार म्हणून तिला मान देणाऱ्या या कष्टकऱ्यांना कोणी ‘निसर्गप्रेमी’ म्हटल्याचे ऐकिवात नाही. त्यांनी तसे म्हणवून घेण्याची मागणीही केलेली नाही.

आपल्या घराण्यांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, ते कडू लागले तरी. आपण जेथे जेथे गेलो तेथे मराठी ग्रंथालये काढली, नाट्यसंस्था काढल्या, गणेशोत्सव केले. भाषा राखली याचा आपल्याला योग्य अभिमान आहे. पण तळ्याकाठी उभे राहून नातवाने “आजोबा, हा कुठला पक्षी?” असे विचारले की आपण एक तर गप्प बसतो किंवा इंग्रजी नाव सांगतो. याच भाषेने कपाळावर पांढरा टिळा मिरवणाऱ्या काळ्या पाणपक्ष्याला वारकरी म्हटले आहे. चोचीवर पिवळे आणि लाल ठिपके असलेल्या बदकाला हळदीकुंकू म्हटले आहे. काठ्यांवर चालणारा तो शेकाट्या. ही नावे काही साहित्यसंमेलनात ठरलेली नाहीत; पाण्यात उभे राहून काम करणाऱ्या माणसांनी ती ठेवली. २०२५ साली निवर्तलेले मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातील नोकरी करता करता अशा माणसांकडून नावे गोळा केली आणि ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. आपल्या ग्रंथालयात त्याची प्रत आहे. नोंदवही मी पाहिली: गेल्या सहा वर्षांत ती दोनदा बाहेर गेली, त्यांपैकी एकदा माझ्याच नावावर.

भिंतीवरून चालणाऱ्याला ही नावे ठेवता आली नसती असे मला वाटते. कठड्याच्या अलीकडे उभे राहिले की समोरचे सगळे ‘दृश्य’ होते, आणि दृश्याला नावाची गरज नसते, छायाचित्राची असते.

तेव्हा सही न करण्याचे कारण हे असे आहे. त्याऐवजी मी कार्यकारिणीला एक साधे पत्र दिले आहे. येत्या डिसेंबरात मंडळाची सहल नेहमीप्रमाणे एखाद्या देवस्थानाला न नेता करमळीला न्यावी. माणसे पंचविसांहून अधिक नसावीत, बरोबर ध्वनिक्षेपक आणि अंताक्षरी नसावी, न्याहारी घरून डब्यात नेऊन डबा घरी परत आणावा. बांधावरून एकामागून एक चालावे, कडेवर पाय देऊ नये. ज्यांना चालणे कठीण त्यांनी रस्त्याच्या बाजूला खुर्ची टाकून बसावे. बसल्या जागेवरून दिसणारे पक्षी चालणाऱ्यांपेक्षा पुष्कळदा अधिक असतात, हा माझा गेल्या दोन हिवाळ्यांतील अनुभव आहे, कारण माझाही उजवा गुडघा आता खुर्चीच मागतो. आणि माहिती सांगण्यासाठी कोणा व्याख्यात्याला बोलावण्याऐवजी, ज्याने आयुष्यभर मानस सांभाळली अशा एखाद्या शेतकऱ्याला विनंती करावी, त्याच्या दिवसाची मजुरी बुडेल ती, आणि वर व्याख्यात्याला आपण देतो तेवढे मानधन, मंडळाने द्यावे.

शेवटच्या मुद्द्यावर कार्यकारिणीत मतभेद आहेत, असे कळते. मानधनाची तरतूद फक्त ‘साहित्यिक व तज्ज्ञ’ यांच्यासाठी आहे, असे चिटणीसांचे म्हणणे पडले. घटनेतील ते कलम मी मागवून घेतले आहे.